छत्तीस साओ

संघ क्रमांक ७
२८ जून १९५५

प्रिय ख्वे,

तुझं मे महिन्यातलं पत्र मला परवा मिळालं. मी बरी आहे. ताप नाही, वजन दोन किलोंनी उतरलंय. हनोईच्या नकाशाखान्यात तुला खिडकीजवळचं टेबल मिळालं हे वाचून बरं वाटलं. पाठ सरळ ठेवून बसत जा. आपल्या मोजणीच्या वर्गात तू रेघ मारताना कागदाला नाक टेकवायचीस, ती सवय गेली नसणारच.

वर गावाचं नाव नाही, कारण ते लिहायची परवानगी नाही. आमची पत्रं संघप्रमुख कॉम्रेड लुयेन आधी वाचतात, मग ती बाहेर जातात. त्यांना तुझा नमस्कार यातच पोचला असं समज.

जमीनवाटपाची मोहीम कशी चालते ते तू वर्तमानपत्रात वाचत असशील. आम्ही प्रत्येक जण गावातल्या सर्वांत गरीब घरी राहतो. त्यांच्यात खायचं, त्यांच्यात झोपायचं, त्यांच्याबरोबर शेतात राबायचं. मी जिच्याकडे आहे तिला सगळे थिनची आई म्हणतात. थिन पंचेचाळीसच्या दुष्काळात गेला, नाव तिला राहिलं. तिचं तोंड एकदा सुरू झालं की थांबत नाही. पहिल्या दिवशी मी रताळं सोलून खाल्लं, तर म्हणाली, "सालं टाकतेस? बाई गं, क्रांती सालासकट खायची असते." काल शेजारणीला सांगत होती, "आमची पोरगी फार शिकलेली. नुसती साखळी ओढून शेत केवढं ते सांगते. भात मात्र रोज करपवते."

माझं काम त्या साखळीचंच. लहान शेतं मोजत नाही, लोक आपल्या जुन्या मापाने तोंडी सांगतात तेवढे साओ लिहून घेतो. मोठी शेतं मी मीटरमध्ये मोजते आणि तक्त्याप्रमाणे त्यांचे साओ करते. मग कोण जमीनदार, कोण श्रीमंत शेतकरी, कोण मध्यम, ते संघ ठरवतो. सध्या एकाच माणसाचं अडलंय. जमीनदार ठरला तर घर जाईल, जमीन जाईल आणि त्याच्यावर जाहीर खटला होईल. शेजारच्या गावातल्या खटल्याचा निकाल गोळीचा होता. श्रीमंत शेतकरी ठरला तर तो आपल्या घरात राहील. लढाईच्या काळात करासाठी त्याने आपली जमीन छत्तीस साओ लिहून दिली होती. माझ्या मोजणीत ती पन्नास भरली. म्हणजे लोक फ्रेंचांशी लढत होते तेव्हा त्याने चौदा साओ जमीन लपवली, असं कागदावर दिसतं. भागाकार मी तीनदा तपासलाय.

तू विचारलंस, घरून दोन महिने पत्र का नाही. मोहीम चालू असते तिथे टपाल अडतं. त्यावरून काही अंदाज बांधू नकोस. आणि रजा मागू नकोस. अर्ज दिला असशील तर मागे घे. हा सल्ला नाही, तसंच कर.

इथे लाओसकडचा कोरडा वारा सुटलाय. दुपारी साखळीला हात लावला तर चटका बसतो. लोखंड तापून जेवढं लांबतं तेवढी वजावट मी करते.

तुझी
उयेन



१९ जुलै १९५५

ख्वे,

हे पत्र संघाच्या टपालाने येत नाहीये. आमच्याबरोबरची परिचारिका बदली होऊन हनोईला चालली आहे, ती तुझ्या हातात देईल.

मी तुझ्या गावात आहे. मागच्या पत्रातला माणूस म्हणजे तुझे वडील.

तिएपकाका जिवंत आहेत. काकूही आहेत. हे आधी नीट वाच, मग पुढे जा.

एप्रिलमध्ये संघाला गाव मिळालं आणि यादी हातात आली, तेव्हा तिसऱ्या ओळीत काकांचं नाव होतं. ज्यांची गावात ओळख आहे त्यांनी तसं सांगायचं, मग त्यांना दुसरीकडे पाठवतात, असा नियम आहे. मी सांगितलं नाही. मी असले तर निदान मोजणी बरोबर होईल, असं कारण मी स्वतःला दिलं. दुसरं कारण असं, की सांगितलं असतं तर ती ओळख माझ्या कागदाला कायमची चिकटली असती. दोन्ही कारणं खरी आहेत. कुठलं किती, ते मला मोजता येत नाही.

बावन्न साली विमानांनी आपल्या वर्गाच्या झोपड्या जाळल्या, तेव्हा तू मला घरी नेलंस. मी तिथे अकरा दिवस होते. काकू मला खारवलेल्या वांग्यांतली लहान लहान निवडून वाढायच्या. काका म्हणायचे, "ही पोरगी जेवताना पण मोजते. ख्वे, हिच्या वाडग्यात दोन घास जास्त घाल, बघू हिला कळतं का." मला कळायचं.

आता त्यांच्या फाटकावर काटेरी बांबू आडवे टाकलेत. कोणी त्यांच्याशी बोलायचं नाही. काकूंनी पाणी आणायचं ते भर दुपारी, तळ्यावर कोणी नसताना. गावातली पोरंसुद्धा काकांना "ए तिएप" म्हणून हाक मारतात आणि काकांनी मान खाली घालून त्यांना "आपण" म्हणायचं असतं. तुझी पत्रं इथे येतात. ती कॉम्रेड लुयेन यांच्या पेटीत आहेत, न फोडलेली, वर फक्त काकांचं नाव. मी चार मोजली.

मोजणीच्या दिवशी काकांना शेताच्या कोपऱ्यात उभं केलं होतं. सोबत पहारेकरी होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली केली. मी बांधावरून उतरत होते, तेव्हा एवढंच म्हणाले, "मोजणीदार बाई, तिथे चिखल खोल आहे. आपण डावीकडून यावं." पहारेकरी खेकसला, "तुला विचारलं का रे कोणी?" मी डावीकडून गेले.

आता चुकीबद्दल. चूक माझी आहे.

गेल्या आठवड्यात थिनच्या आईबरोबर लावणी करत होते. तिच्याकडे खंडाने घेतलेलं एक साओचं खाचर आहे. आमच्याकडे, उत्तरेतल्या डेल्टात, एक बाई दिवसभरात एक साओ लावते. मी लहानपणी आईबरोबर लावलंय, मला रोपांच्या जुड्यांचा हिशेबसुद्धा पाठ आहे. इथे आम्ही दोघी होतो, ऊन डोक्यावर आलं, आणलेल्या जुड्या संपल्या, तरी खाचराचा मोठा तुकडा उरलेला.

मी म्हटलं, "मावशी, हे एक साओ नाही. जास्त आहे."

"हो, मालक येडाच आहे. एकाचा खंड घेतो आणि दीड देतो!" ती कंबर धरून हसली. "अगं, एकच आहे. माझ्या सासूच्या सासूपासून एकच. तुझ्या हातात जोर नाही, ते बोल."

मी घरी जाऊन साखळी आणली. चिखलाच्या हातांनीच मोजलं. पाचशे चौरस मीटर.

ख्वे, तुमचा साओ पाचशेचा आहे. आमचा तीनशे साठचा. तक्ता डेल्टातल्या कचेरीत छापलेला आहे आणि मी डेल्टातली आहे, म्हणून तीनशे साठ पाहून माझ्या डोळ्याला काही खटकलं नाही. काकांची जमीन अठरा हजार चौरस मीटर. तीनशे साठने भागली तर पन्नास साओ, पाचशेने भागली तर छत्तीस. त्यांनी लिहून दिली होती तीच छत्तीस. बित्ताभरही लपवलेली नव्हती. बाकीच्या गावाने तोंडी सांगितलेले साओ इथल्या मापाचे, मोठ्या शेतांचे साओ आमच्या मापाचे, आणि दोन्ही मी एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडले. उन्हाने साखळी किती वाढते ते मी पाहिलं, आणि हे पाहिलं नाही. वर्गात आपण मीटरशिवाय काही शिकलोच नव्हतो. तू तरी मला कधी सांगितलं नाहीस. नाही, हे खोडते. तुला कशाला सुचेल? एक साओ म्हणजे एक साओ, असंच सगळ्यांना वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेऊन कॉम्रेड लुयेनकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, हे तुला लिहायला हवं. त्यांचा धाकटा भाऊ दिएन बिएन फूच्या लढाईत तोफ ओढताना चिरडून गेला. हिवतापाने ते एक दिवसाआड थरथरतात आणि तसेच कामाला बसतात. त्यांनी माझी आकडेमोड शेवटपर्यंत वाचली.

"हा फरक आला कुठून?"

"फ्रेंचांनी उत्तर भागाला एक माप ठरवून दिलं, मध्य भागाला दुसरं. ते गेले, मापं राहिली."

ते हसले. "म्हणजे आम्ही नऊ वर्षं लढून त्यांना हाकललं, आणि तू त्यांच्या मापाने जमीनदार वाचवायला निघालीस?"

"मी कोणाला वाचवत नाही. भागाकार दुरुस्त करतेय."

"हाच तक्ता किती गावांत वापरलाय?"

"सगळे संघ धरून अकरा."

त्यांनी कागद खाली ठेवला. मग हळू म्हणाले, "अकरा गावांतले निकाल लागलेत, उयेन. त्यातले काही निकाल मागे घेता येत नाहीत. माणसं पुरलीत आपण."

मग त्यांनी मान वर करून विचारलं,

"तुला हे तपासायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. लावणी करताना लक्षात आलं."

"त्या घराशी तुझी काही ओळख?"

हो म्हटलं असतं तर त्या कागदाची किंमत तिथेच संपली असती. ओळखीच्या माणसाने आणलेला आकडा कोण धरणार? म्हणून मी "नाही" म्हटलं. काकांसाठी म्हटलं, असं मी तेव्हा धरून चालले होते.

त्यांनी कागद घडी करून पेटीत ठेवला, तुझ्या पत्रांवर. म्हणाले, "बघतो."

आणखी एक गोष्ट तुला माहीत नसावी, म्हणून लिहिते. थिनच्या आईने बारा वर्षं तुमच्या घरी भात सडलाय. तिला काकांविरुद्ध तक्रार सांग म्हणून आम्ही रोज बसतो. ती म्हणते, "वाईट बोलले नाहीत कधी. मारलं नाही. भरपूर वाढायचे. पण बारा वर्षांत एकदा चटईवर बस म्हणाले नाहीत. उभ्यानं जेवले मी." बावन्न साली मी तुमच्या चटईवर बसून जो भात खाल्ला, तो तिने सडलेला असणार. ती मला तेव्हा दिसली नव्हती.

तू येऊ नकोस. आलीस तर फाटकाच्या आत टाकतील, बाहेर काढणार नाहीत.

उयेन



११ ऑगस्ट १९५५

ख्वे,

हे जिल्ह्याच्या बाजारातून मी स्वतः टपालपेटीत टाकते आहे. मीठ आणि कागद आणायला मला पाठवलंय. चार वाजता परत पोचायचं आहे.

खटला सहा तारखेला झाला. काकांना आठ वर्षांची शिक्षा झाली. गोळी नाही. परवा सकाळी त्यांना इतर सात जणांबरोबर डोंगराकडच्या छावणीत चालवत नेलं. पायात वहाणा होत्या. काकूंना घरातून काढलंय, त्या तळ्याकाठच्या म्हशींच्या गोठ्यात राहतात. थिनची आई जाता येता तिथे काहीतरी विसरून येते, कधी रताळी, कधी नाळीच्या भाजीची जुडी. मी विचारलं तर म्हणाली, "म्हातारी झाले, लक्षात राहत नाही."

खटला कसा झाला हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. देवळापुढच्या अंगणात सगळं गाव बसलं होतं. मी टेबलाशी, नोंदी लिहायला. पंचेचाळीस साली आपल्या नव्या सरकारला गोळ्या ओतायला धातू हवा होता, तेव्हा काकांनी देवघरातली काशाची धूपदाणी दिली होती. तीसुद्धा आरोपात आली. "द्यायला एवढं कासं होतं, म्हणजे घरात किती असेल!" लोकांनी मुठी वर केल्या. त्यांच्यातले निम्मे जण ती धूपदाणी काका स्वतः खांद्यावरून घेऊन गेले तेव्हा वाजतगाजत त्यांच्या मागून चालले होते, हे मला नंतर थिनच्या आईने सांगितलं.

मग अध्यक्षाने विचारलं, "बावन्न साली तुझ्या घरी परके लोक राहत होते. शहरातले. कोण होते ते? हेर होते की नाही? नावं सांग."

काका माझ्यापासून सहा मीटरवर उभे होते. त्यांनी मान वर केली, सगळ्या अंगणावरून नजर फिरवली, माझ्यावरूनही. म्हणाले, "विद्यार्थी होते, मालक. वर्ग जळला म्हणून आले होते. माझी नजर तेव्हापासून अधू आहे. आता समोर उभे राहिले तरी मला ओळखू यायचे नाहीत."

त्यांची नजर अधू नाही.

नंतर थिनच्या आईला उभं केलं. तिने भात सडण्याचं सांगितलं, उभ्याने जेवण्याचं सांगितलं. सांगताना ती रडली, आणि ते रडणं खरं होतं. अध्यक्ष म्हणाला, "आणि लपवलेली चौदा साओ जमीन? ते सांग." तिने हाताच्या पंजानेच नाक पुसलं आणि म्हणाली, "ते मला कुठलं माहीत? मी काय साखळी ओढली? ती पोरगी बसलीये तिथे. तिने मोजलं. तिला विचारा."

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. कॉम्रेड लुयेन माझ्या उजव्या हाताला होते. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"कॉम्रेड, किती भरली जमीन?"

मी उभी राहिले. म्हटलं, "तक्त्याप्रमाणे पन्नास साओ."

ख्वे, या वाक्यात खोटं काही नाही. मी ते पाच दिवस उलटसुलट तपासते आहे. तक्त्याप्रमाणे पन्नासच होतात. एवढं काटेकोर वाक्य मी आयुष्यात बोलले नसेन. लोकांना त्यातला "पन्नास" ऐकू आला. मी बोलण्याआधीच मला माहीत होतं की तोच ऐकू जाणार.

एक माणूस मला ओळखत नाही असं सांगून उभा राहिला, आणि मी खाली बसले.

त्या दिवशी थिनच्या आईने मला जेवायला हाक मारली नाही. आपलं वाढून घेतलं आणि दाराकडे तोंड करून जेवली. मग म्हणाली, "ते खाचर तू मोजलंस ना? काय निघालं ते मला सांगितलंच नाहीस." मी सांगितलं. पाचशे आणि तीनशे साठ, दोन्ही. तिला भागाकार येत नाही, पण ती बोटांनी जमिनीवर रेघा मारत राहिली, आणि मग तिने हात मागे घेतला. "म्हणजे आज मी सगळ्यांसमोर तुला विचारा म्हटलं," ती म्हणाली, "आणि तुला खरं माहीत होतं." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

माझ्या कामाची प्रशंसा झाली आहे. सोमवारी आमचा संघ पुढच्या गावाला जातो. तक्ता तोच. कॉम्रेड लुयेन यांना मी तक्त्याबद्दल पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "वर कळवलंय." मी विचारलं, "कधी?" त्यांनी पेटीचं झाकण लावलं. संघ सोडायची परवानगी मागितली तर कारण लिहावं लागतं. आजारपणाचं लिहिलं तर दुसरी कोणी येईल, ती तक्त्याप्रमाणे भागेल, आणि तिला कळणारही नाही. म्हणून मी जाते आहे. सोमवारपासून मीटरच लिहीन. साओचा रकाना कोरा ठेवीन. तो किती दिवस कोरा राहू देतील, ते सांगता येत नाही. एक गाव, फार तर दोन.

सोबत तीन कागद आहेत. पहिल्यावर तुझ्या वडिलांच्या शेतांची मापं मीटरमध्ये, बांधाबांधाने. दुसऱ्यावर दोन्ही भागाकार. तिसऱ्यावर मी लिहिलंय की हे कुटुंब मला माहीत होतं, बावन्न साली मी त्यांच्या घरी राहिले होते, संघप्रमुखांनी विचारलं तेव्हा मी नाकारलं आणि खटल्यात खरा आकडा सांगितला नाही. तिन्हींवर सही आहे. याचीच एक प्रत मी आज जिल्ह्याच्या कचेरीत देणार होते. दारापर्यंत गेले. आत तीन माणसं रांगेत होती आणि प्रत्येकाला विचारत होते, कुठल्या गावचा, कोणाचा कोण. मी परत फिरले. हेही तुला कळलेलं बरं.

तू हनोईत आहेस. तिथे वरच्या कचेरीत कागद घेतात, पोच देतात, असं ऐकते. मुलीने वडिलांसाठी आणलेला कागद म्हणून बाजूला टाकतील, पण मोजणारीने स्वतःविरुद्ध लिहिलेला तिसरा कागद वर ठेवलास तर कदाचित वाचतील. त्याचं माझ्यावर काय येईल, याचा विचार तू करायचा नाहीस. तो मी केलाय. आणि दिलेच नाहीस, तुझं टेबल, तुझी नोकरी जाईल म्हणून घाबरलीस, तरी मला ते समजेल. त्या दारातून मीही परत आले आहे.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

काकूंना तुझं काही सांगायचं असेल तर थिनच्या आईच्या नावाने लिही. तिला वाचता येत नाही, ती काकूंकडून वाचून घेईल.

साडेतीन झालेत. खाली पूर्ण नाव लिहिते, म्हणजे हे पत्रही कागदांना जोडता येईल.

दोआन थि उयेन
जन्म १९३१, जिल्हा किएन सुओंग
मोजणीदार, संघ क्रमांक ७
वरील मजकूर माझ्या हाताने लिहिला असून तो खरा आहे.